सशाचे मागचे दात
लाल साबणाचा तो औषधी वास आला की मला ऐंशीच्या दशकातली आमची अंबरनाथची शाळा आठवते. सरांनी सांगितलं म्हणून मी माझा ससा पिशवीतून प्रयोगशाळेत नेला होता. सरांनी त्याचा ओठ वर करून पुढच्या दातांमागचे दोन बारके दात दाखवले आणि म्हणाले, "याला उंदरांत धरू नका, याचा गण वेगळा." मग मायेनं त्याला गालाला लावून मला विचारलं, "राहतोस कुठे रे?" मी म्हणालो, "बुद्धविहाराच्या मागे, सर." त्यांनी ससा टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या नळावर साबण लावून हात धुतले, मग गालही धुतला. "सशाचा वास लागला वाटतं," कुणीतरी हसलं. इतका वेळ तो वास त्यांना आला नव्हता. आजही माझ्या घरात तो साबण येत नाही.