डोहातला गोटा

तुळशीदास सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसला, आणि त्या सात वर्षांत त्याने मास्तरांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर पुरं दिलं नाही. अर्धं बोलायचा आणि खाली बसायचा. मारही गुपचूप खायचा. पुढे मी खोडाळ्याच्या बाजारात वडिलांच्या शिलाई मशीनवर बसलो. तो डोंगरउतारावरच्या नागलीत राबायचा आणि भात घरात आलं की वीटभट्टीवर जायचा. बाजाराला आला की माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचाच. मी बोलायचो, तो ऐकायचा. शिंप्याला असा माणूस मिळणं हे नशीबच, कारण एरवी गिऱ्हाईक तोंड उघडतं ते तक्रारीसाठी.

त्याची बायको कमू मात्र तोंडाची फटकळ. "ह्याच्या वाटचं बी मलाच बोलाया लागतं," असं हसत म्हणायची. तिचं माहेर वैतरणेच्या काठावर, सावरपाड्याला. धरण झालं, पाडा पाण्यात गेला, माणसं पांगली, आणि तिची आई वर्षाच्या आत वारली. कमू पोलकं शिवायला आली की त्या पाड्याचा विषय निघायचाच. आईच्या अंगणात चिंच होती, पाणी कितीही चढलं तरी तिचा वाळका शेंडा हातभर वर राहतो, असं सांगायची. मी मापं घ्यायचो आणि हो हो म्हणायचो. आता वाटतं, नीट ऐकायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी माघात, भिवंडीकडच्या भट्टीवर तिला ताप आला. पाचव्या दिवशी ती गेली. तिथेच खाडीकडेला तिला जाळली. तुळशीदास लेकीला, करिष्माला घेऊन परतला तेव्हा त्याच्या हातात कमूच्या हिरव्या लुगड्याची घडी होती, बाकी काही नाही.

त्याच्या कुळाची एक रीत आहे. परमुलखात मेलेल्या माणसाला घरी आणावं लागतं. नदीच्या वरच्या अंगाला, दोन कड्यांच्या मध्ये कुळाचा डोह आहे. कुणीतरी एकट्याने जाऊन तिथे रात्र काढायची. उजाडताना पाण्यात हात घालायचा आणि हाताला लागेल तो गोटा उचलायचा. मेलेल्याच्या कपड्याच्या पिशवीत घालून तो गळ्यात बांधायचा आणि घरी आणायचा. वाटेत बोलायचं नाही, गोटा भुईला टेकवायचा नाही. तो देवाच्या कोपऱ्यात बसवला की माणूस घरी आलं. मग घरात लग्न निघालं की भगत मांडवात पूर्वजांना नावानं बोलावतो, त्यात त्याचंही नाव येतं. आणलं नाही त्याचं नाव नाही. आणि गोटा वाटेत हरवला तर त्या माणसाला यायचंच नव्हतं, असं समजतात.

धरणाच्या पाण्याने डोहाची पायवाट बुडवली. तेव्हापासून लोक पाड्यामागच्या ओहळातलाच गोटा उचलतात आणि बुध्या भगत दुसरीकडे बघतो. तुळशीदासने तेवढंही केलं नव्हतं. मी एकदा छेडलं, तर म्हणाला, "कंच्या तोंडानं बोलवू तिला?" मला वाटलं, भट्टीवर नेल्याचं मनाला लागलंय.

मग करिष्माचं लग्न ठरलं, साखरशेतच्या पोराशी, वैशाखातलं. पोरीने बापाला सरळ सांगितलं, "मांडवात आईचं नाव नाय आलं तर मी पाटावर बसनार नाय. आन् ओहळातला गोटा मला चालनार नाय."

तुळशीदास तेव्हा धरणाच्या पाण्याकाठी पर्यटकांच्या तंबूंवर कामाला होता. तिथे नारिंगी प्लास्टिकच्या होड्या आहेत, एका माणसाच्या, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याच्या. कायाक म्हणतात त्यांना. तुळशीदास पन्हळ म्हणायचा, आणि दिसतेही तशीच. शनिवार-रविवारी शहरातली माणसं तिच्यात बसून फोटो काढतात. दिवाळी झाल्यावर त्याने मालकाकडे दोन दिवसांसाठी एक होडी मागितली. बसायची जागा तडकलेली एक त्याला मिळाली.

पिशवी शिवायला तो माझ्याकडे आला. लुगडं फळीवर ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसला, कापताना बघवेना म्हणून. मी पदराकडचा तुकडा काढला. त्या दिवशी माझ्यापुढे आश्रमशाळेच्या गणवेशांचा ढीग होता. मशीनवर हिरवी रीळ होती ती गेल्या पावसाळ्यातली, ओल लागून कुजट झालेली. बोटांत ताणली की तटकन तुटायची. मला ते ठाऊक होतं. पण दुसरी रीळ शोधायचा कंटाळा आला. एक गोटा, त्याचं वजन ते किती, असं म्हणून मी पाय मारला. अठ्ठावीस वर्षांत मी शिवलेली ती सगळ्यात लहान वस्तू.

पिकअपवाल्याने त्याला होडीसकट वरच्या पुलाखाली सोडलं. भाकऱ्या, सुकट, काडेपेटी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली घोंगडी एवढंच सामान. पहिला अर्धा दिवस तो होडीत कमी आणि पाण्यात जास्त होता. जागोजागी खडक, उतरायचं, ओढायचं, परत बसायचं. नदी त्याला पाठ होती, पण आजवर तो मासे धरायला गेला तो चारचौघांबरोबर. भट्टीवर गेला तोही कमूबरोबर. ह्या होडीत दुसरं माणूस मावतच नाही, हे त्याला कड्यांच्या मध्ये शिरल्यावर कळलं, असं तो म्हणाला.

डोहाच्या काठी वाळूची चिंचोळी पट्टी होती. तिथे त्याने होडी उलटी टाकली, जाळ केला, भाकरी खाल्ली. अर्धी तिच्यासाठी पानावर ठेवली. झोप आली नाही. कड्यावरून रात्रभर बारीक दगड घरंगळत होते आणि प्रत्येक वेळी तो वळून बघायचा. बिबट्याची भीती नव्हती वाटत, म्हणाला. कमू खरंच आली तर तिला काय सांगायचं, ह्याची वाटत होती.

पाखरं बोलायच्या आधी त्याने पाण्यात हात घातला. तळहाताएवढा चपटा गोटा लागला, मधून पांढरी रेघ गेलेला. पिशवीत घालून गळ्यात बांधला आणि तो निघाला. दुपारच्या आत डोंगर मागे पडले, पाणी पसरलं आणि वारा समोरून आला.

आम्ही तंबूंखालच्या उतारावर थांबलो होतो. करिष्मा, बुध्या आणि मी. करिष्माने पाट आणला होता, तांब्यात पाणी, पानात हळद. नारिंगी ठिपका दिसला तशी ती गुडघाभर पाण्यात शिरली. होडी टेकली. तुळशीदासच्या गळ्यात पिशवी होती, पण रिकामी, खालची शिवण पूर्ण उसवलेली.

"नाय आली," एवढंच तो म्हणाला.

बुध्याने डोळे मिटले. करिष्माने पाट उचलून डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. मी तिच्या मागे गेलो तर म्हणाली, "मी भट्टीवर तिला नीट सांबाळलं नाय काका. म्हनून नाय आली." मला तिथेच सांगायला हवं होतं. पण जीभ रेटेना. अठ्ठावीस वर्षांत ज्याची शिवण एकदाही उसवली नाही, असा मी माझाच डंका पिटत आलो होतो ना.

वैशाखात लग्न झालं. ओहळातला गोटा नको म्हणाली ती म्हणालीच, पण वऱ्हाड दारात आल्यावर पाटावर न बसून करते काय? बुध्याने नावं घेतली. तुळशीदासच्या आईचं नाव झालं, बुध्या थोडा थांबला आणि पुढच्या नावावर गेला. करिष्माने मान वर केली नाही. रडलीही नाही. मी पंगतीत बसलो आणि भरल्या पानावरून तसाच उठलो.

लग्नानंतर आठवड्याने तुळशीदास पायरीवर येऊन बसला. आणखी सहन होईना. मी मशीन थांबवली आणि सांगून टाकलं, रीळ कुजकी होती, मला माहीत होतं, कमूला मी पाण्यात पाडली.

त्याने खिशातून तीच पिशवी काढली, मांडीवर पसरली. मग तो बोलला. उभ्या जन्मात त्याला एका दमात इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"शिवन उसवली. पन गोटा होडीतच पडला रं, माज्या मांडीवर. पान्यात नाय. मी उचलला आन् वर बगतो तं म्होरं चिंचेचा शेंडा. तिच्या आईची चिंच. भट्टीवर ताप चढला तवा ती म्हनत व्हती, मला आईच्या घरी सोड. चार दिस तेच. मी म्हनलो, भट्टीवरची बारी सोडून कसा जाऊ, मुकादमाला शबूद दिलाय. शेवटी मला राग आला. वराडलो तिच्यावर. कंचं घर? तुजं घर पान्यात गेलं, जातीस काय पान्यात? त्याच्या म्होरं ती बोललीच नाय. माजी कमू, आन् बोलली नाय."

तो पिशवीची उसवलेली कड चाचपत राहिला.

"हातात धरून बसलो बराच येळ. घरी आनला आसता तं करिष्माच्या मांडवात तिचं नाव आलं आसतं. समदं कळत व्हतं मला. पन पयल्यांदाच तिला इचारल्यावानी वाटलं. म्हनलो, जा कमू, तुज्या आईच्या घरी जा. आन् सोडला."

मी उठून पायरीवर त्याच्या शेजारी बसलो. मग म्हटलं, पोरीला सांग. तिला वाटतंय, आई तिच्यावर रुसली.

"काय सांगू? तिच्या आईला मी काय बोललो, ते? आन् तिचं लगीन ठरलेलं आसताना आनलेली आई सोडून आलो, ते?" तो रडत होता, आणि पुसतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि एसटीने साखरशेतला गेलो. करिष्मा अंगणात भांडी घासत होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "पोरी, पिशवीचा दोरा कच्चा होता. मला माहीत असून मी लावला. म्हणून गोटा पडला."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"म्हंजे आई येत व्हती?"

"येत होती."

मांडवात रडली नव्हती ते सगळं ती तिथे रडली, राखेच्या हातांनी तोंड झाकून. सासू बाहेर आली, माझ्याकडे रागाने बघून आत गेली. बऱ्याच वेळाने करिष्माने तोंड धुतलं आणि म्हणाली, "काका, जरा चांगला दोरा लावायचा व्हता."

"हो गं," मी म्हटलं. "चुकलंच माझं."