नो ऑफेन्स

"नो ऑफेन्स हं, पण प्रसादाचा शिरा तू नको करूस. मी घरून आणते."

गोरेगावच्या आमच्या ऑफिसात सत्यनारायण होता. पॅन्ट्रीत मी रवा भाजायला घेतला होता. टीमच्या मॅडम दारातूनच बोलल्या, हसून. एरवी वाढदिवस कुणाचाही असो, "शिरा तूच कर गं, झकास करतेस" म्हणायच्या.

मग झालं काय? आदल्या दिवशी बोलता बोलता आम्ही दोघी रत्नागिरीकडच्या निघालो. मॅडम खूश. लगेच पुढचा प्रश्न, "कुठली वाडी गं तुमची?" कोकणातली माणसं जात अशीच विचारतात, आडून. मी सांगितलं, "बौद्धवाडी." मॅडमना अचानक कुणाला तरी फोन करायचं आठवलं.

आमच्या घरी सत्यनारायण होत नाही. ऑफिसचं काम म्हणून मी हो म्हटलं होतं. मी गॅस बंद केला. आणि तोंडातून काय निघालं? "नन टेकन, मॅडम." इंग्रजीच्या क्लासात पाठ केलेलं उत्तर: नाही वाटलं वाईट.

'नो ऑफेन्स'चा अर्थ मला ठाऊक होता: वाईट वाटून घेऊ नका. वापर ठाऊक नव्हता. मग मी ऑफिसात पाळत ठेवली, कोण कुणाला म्हणतं. साफसफाईच्या मावशींना म्हणतात, "नो ऑफेन्स, पण तुमच्या अंगाला वास येतो." नव्या मुलीला, "नो ऑफेन्स, पण तुझं इंग्लिश म्युनिसिपाल्टीच्या शाळेतलं वाटतं." मोठ्या साहेबांना मात्र कुणी म्हणत नाही. कधीच नाही. हे शब्द वरून खालीच येतात. मारायचं, आणि वर रडायचं नाही असा हुकूम. गोड बोलणाऱ्याचा मला आता आधी संशय येतो.

महिन्याभराने जेवणाच्या टेबलावर मॅडम परत सुरू झाल्या. "नो ऑफेन्स, पण तुझा डबा मायक्रोवेव्हमध्ये नको ना. सगळ्यांचा आहे तो."

डब्यात बटाट्याची भाजी होती. मी उभी राहिले.

"ऑफेन्स आहे, मॅडम. वाडी विचारलीत आणि माझा शिरा बंद केलात. आज डबा."

"अगं, मी सहज म्हटलं!"

शेजारची कुजबुजली, "सोड ना यार." नाही सोडलं. डबा गरम केला. त्यांच्यासमोर बसून जेवले. डबा पूर्ण संपवला. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तक्रार केली. जातीचा शब्द स्पष्ट उच्चारून.

"एवढ्यावरून?" साहेब म्हणाले. "मनाने वाईट नाहीत गं त्या."

"एवढ्यावरूनच," मी म्हटलं.

आता ऑफिसातले सगळे मला चहाला बोलावतात. खांद्यावर हात ठेवतात. मिटवून टाक म्हणतात. नोकरी जाईल, दिसतंय मला. जाऊ दे. तक्रार मागे घेणार नाही.