मिशीखालचं नाव

माझ्या मसाल्याचं नाव त्या मिशीखाली आलं यात माझा दोष किती, हे मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. शिक्षा मात्र सगळ्यांनी देऊन टाकली.

मस्कतमध्ये, वादी अदाईला, माझं मसाल्याचं दुकान आहे. गाव रायगडात, समुद्राकाठी. इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात पोती उचलत होतो. आज माझ्या नावाची पाकिटं ओमानच्या दुसऱ्या टोकाला, सलालाहपर्यंत जातात. हे कोणाच्या मेहेरबानीने झालेलं नाही, भाव करून करून झालंय. घासाघीस हा माझा धंदा आहे, आणि राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

जाहिरात कुठे द्यावी याचा विचार करत होतो तेव्हा एका मुंबईच्या टीकाकाराचं नाव पुढे आलं. तो इंटरनेटवर रोज संध्याकाळी मराठीत बातम्यांचा समाचार घेतो. आखातातली मराठी घरं त्याला जेवताना लावतात; इथल्या अल् घुब्रा भागातल्या पगारदार कुटुंबांत तर त्याच्याशिवाय घास उतरत नाही. त्याच्या कार्यक्रमाच्या शेवटी एक सदर असायचं, 'आजचा हुकूमशहा'. त्या दिवशी ज्याच्यावर त्याचा राग असेल त्याच्या फोटोला आखूड मिशी चिकटवायची, ज्यूंना छावण्यांत कोंडून मारणाऱ्या त्या जर्मन हुकूमशहाची. मागे लष्करी बँड वाजायचा आणि हा टोमणे मारायचा. कधी सोसायटीचा सेक्रेटरी, कधी वाहतूक पोलीस, कधी कोणी नटी. आपल्याकडे कडक मुख्याध्यापकालाही पोरं त्या जर्मनाचंच नाव ठेवतात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्या सदराची जागा मी भाव पाडून मागितली, त्याने दिली. वर मिशी आली की खाली माझं पाकीट यायचं. लोक हसायचे आणि हसता हसता माझा गोडा मसाला बघायचे. सौदा चांगला होता.

मग ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझ्या पहिल्या मालकाची मुलगी. आमच्या गावात ज्यू कुटुंबं होती, पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या धंद्यातली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ताईच्या वडलांच्या तेलाच्या दुकानात मी शाळा सोडून उभा राहिलो. गिऱ्हाईक रागावून उठलं तर ते उंबऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं आणि मग हाक मारायची, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या घरी नवस फिटला की मलिदा व्हायचा, गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे आणि वर फळं, आणि मालकीणबाई माझं ताट कधी विसरल्या नाहीत. ताई पुढे शिक्षिका झाली, ठाण्याला राहिली. निवृत्त झाल्यावर तिथल्या काही ज्यू मंडळींच्या संस्थेत काम करू लागली. ही मंडळी वस्तीतल्या मुलांना शिकवतात, घरकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून सभा घेतात. ती त्याला सामाजिक न्याय म्हणते. मी एकदा म्हणालो होतो, "ताई, न्याय फुकट कधीपासून मिळायला लागला?" तेव्हा ती हसली होती.

या वेळी तिने सरळ विचारलं, "काय रे शेठ, दुकान बरं चाललंय ना?"

"तुमच्या आशीर्वादाने."

"मग त्या मिशीखाली कशाला उभा राहतोस?"

झालं होतं असं. या संस्थेने घरकामाच्या बायकांची सभा घेतली. टीकाकाराने त्यातल्या एका बाईच्या फोटोला मिशी लावली. दुसऱ्या दिवशी त्याने छावणीतल्या कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेल्या, स्वतः भांडी घासणाऱ्या बायका तारेच्या कुंपणामागे दाखवल्या आणि म्हणाला, ही बघा, सुट्टीच्या दिवशी मालकिणींची छावणी. संस्थेने त्याला कळवलं की आमच्याबद्दल वाटेल ते बोला, पण त्या छावण्यांचा विनोद करू नका. त्याने ते कार्यक्रमात वाचून दाखवलं आणि संस्थेच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनाच मिशी लावली. एका ज्यू माणसाला. म्हणून आता संस्था एकेका जाहिरातदाराला गाठून सांगत होती, तुम्ही बाहेर पडा.

"ताई," मी म्हणालो, "तो जर्मन काही आपल्या रेवदंड्याला आला नव्हता. आपल्या कोकणात तुमच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही."

"नाही लावला. म्हणून तर आम्ही बोलायला उरलोय. ज्यांना लावला ते कुठून फोन करणार तुला?"

यावर मी भाव सुरू केला. दुसरं काय करणार होतो?

"ते सदर सोडतो. बाकीच्या कार्यक्रमात राहतो."

"नाही. सगळंच सोड."

"रमजान होऊ दे. माझा खरा धंदा तेव्हाच असतो. ईद झाली की सोडतो."

"नाही."

"बरं, मी त्याला सांगतो, मिशीच्या जागी दुसरं काहीतरी लाव. गाढवाचे कान लाव."

"अरे, नारळ घेतोयस का माझ्याकडून?"

"मग खलास! नाही सोडत!" म्हणालो आणि फोन ठेवला.

मस्कतच्या जुन्या मत्रा बाजारात कोणालाही विचारा याचा अर्थ काय होतो. उठून निघणं म्हणजे नकार नव्हे. उठून निघणं म्हणजे, मी तयार आहे, तुम्ही थोडं खाली या आणि हाक मारा. ही रीत मला ताईच्याच वडलांनी शिकवली. मी फोन गल्ल्यावर ठेवून बसलो. बायको म्हणाली, "तुम्हीच लावा ना परत." मी म्हणालो, "जो आधी लावतो तो हरतो."

हाक आलीच नाही. दोन दिवसांनी संस्थेने जाहिरातदारांची नावं इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला खुली केली. वर 'माघार घेतली', मध्ये 'विचार करत आहेत', खाली 'नकार दिला'. खालच्या रकान्यात एकच नाव होतं. मस्कतचं.

माझं रक्त उकळलं ते पुढचं बघून. 'विचार करत आहेत' यात कोण होते? एक मोठी सिमेंट कंपनी आणि एक सोन्यावर कर्ज देणारी पेढी. त्यांनी काय केलं होतं? गोड आवाजात सांगितलं होतं, "बघतो, कळवतो." अहो, मराठी माणसाच्या धंद्यात 'बघतो, कळवतो' म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं. 'बघतो' म्हणजे नाही. ते लोक कधीच सोडणार नव्हते, आणि मी सोडायला निघालेला माणूस. पण खोटं गोड बोलणारे मध्ये बसले, आणि मोठ्याने बोलणारा तळाला गेला.

त्यानंतर जो तो मला शिकवायला लागला. माझं मोठं गिऱ्हाईक एक रत्नागिरीचा हॉटेलवाला, मुसलमान, गेली कित्येक वर्षं माझ्याकडूनच माल नेतो. तो पोत्यावर हात ठेवून म्हणाला, "काय शेठ, आता माल जर्मनीला जातो वाटतं? आज ज्यू, उद्या आमचा नंबर लावेल तो. तेव्हा पण पाकीट खाली असणार का तुमचं?" तो हसत होता, पण पोतं न घेता गेला.

अल् घुब्राचे एक साहेब मुद्दाम गाडी काढून आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शाब्बास! झुकला नाहीत!" आणि छटाकभर हळद घेऊन गेले. ती शाबासकी मला हॉटेलवाल्याच्या टोमण्यापेक्षा जास्त झोंबली. मी झुकायला तयार होतो, साहेब. मला नीट झुकू दिलं नाही कोणी.

मग अर्बाब आला, ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना आहे तो ओमानी. त्याला मराठी कळत नाही, पण चित्र कळतं. फोन माझ्यासमोर धरला. "ये मूछवाला अपना दुकान में क्या करता?"

"मजाक है, अर्बाब."

"किसका मजाक?"

मी सांगायला लागलो. सभा, बायका, सुट्टी, छावणी. अर्ध्यावरच मला जाणवलं की या सगळ्यात हसण्यासारखं काय आहे ते मला सांगता येत नाहीये. त्याने फोन खिशात घातला, आणि "यल्ला, देखो तुम," एवढं म्हणून गेला.

घरी मुलगी होती. तिच्या शाळेत इतिहासाला त्या जर्मन हुकूमशहावर अख्खा धडा आहे. तिचं मराठी अडखळतं. ती म्हणाली, "बाबा, आम्हाला मिस सांगते तेव्हा क्लासमध्ये कोणी बोलत पण नाही. तुमच्यात लोक हसतात. व्हाय?"

"तू अभ्यास कर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीकाकाराला फोन लावला.

"माझं पाकीट काढा. सगळ्यातूनच."

"शेठ, घाबरलात? चार म्हाताऱ्यांना?"

"मी माझ्या बापाला घाबरलो नाही. मला तिथे राहायचं नाही, बस."

"ठीक आहे," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "चेहरा मात्र ठेवू ना? पाकिटावरचा फोटो फार छान आहे तुमचा."

संध्याकाळी बँड वाजला. 'आजचा हुकूमशहा' मी होतो. पाकिटाच्या मागे छापलेला माझा हसरा फोटो, त्यावर ती आखूड मिशी, आणि खाली दुबईच्या कोणा दुसऱ्या मसालेवाल्याचं पाकीट. माझी जागा एका दिवसात विकली होती, आणि मला खात्री आहे, माझ्यापेक्षा चढ्या भावाने.

लोकांना मोठी मजा वाटते फोटोवर मिशी बघायची. आपल्या स्वतःच्या तोंडावर ती कशी दिसते हे मी सांगू शकतो. बायकोने टीव्ही बंद केला.

मी ताईला कळवलं की मी सोडलंय. तिने लगेच माझं नाव वरच्या रकान्यात नेलं आणि पुढे लिहिलं, 'हरकतीनंतर माघार घेतली.' मला वाटलं होतं 'स्वतःहून' लिहील. फोनवर मी खूप बोललो. तिने ऐकून घेतलं आणि शब्द तसाच ठेवला. मग मी बोलणंच टाकलं.

हिवाळ्यात ती अल् घुब्राला मुलाकडे आली. "जेवायला ये," असा निरोप आला. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मसाला घेतला, आणि भांडायचंच होतं म्हणून गेलो.

पानं मांडून झाल्यावर मी म्हणालो, "एक शब्द, ताई. 'हरकतीनंतर' काढा, 'स्वतःहून' घाला."

"स्वतःहून सोडलंस?"

"मग? तुम्ही कुठे परत फोन केलात मला? कोणी विचारलं नाही, समजावलं नाही. माझं मीच सोडलं."

ती खळखळून हसली. "वकील व्हायला हवा होतास तू. पण आमची हरकत आधी आली होती ना?"

"आली होती."

"मग?"

"मग ते सिमेंटवाले? अजून 'विचार' करतायत? एवढा विचार तर माझ्या मुलीच्या लग्नाचाही मी करणार नाही. त्यांच्या दारात का नाही गेलात?"

"मोठे लोक फोन उचलत नाहीत रे. तू उचलतोस."

"म्हणजे उचलेल त्याला झोडा?"

तिने भाताचा चमचा पातेल्यात ठेवला. मग म्हणाली, "हे तुझं खरं आहे. यात आमचं चुकलं."

इतके दिवस मला हेच वाक्य हवं होतं. ते मिळालं तर राग जायला हवा होता. तो उलट वाढला. आता सांगायलाच लागलो की धंदेवाल्याशी कसं बोलायचं. "'बघतो' म्हणाला तर विचारायचं, कधी? दिवस सांगत नसेल तर तो नकार. खालच्या रकान्यात टाकायचा. आणि माझ्यासारखा ओरडून फोन ठेवतो ना, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करायचा. तो बहुतेक तयार असतो."

"तू आधीच का नाही सांगितलंस?"

"भाव करताना कोणी सांगतं का?"

तिने जेवण तसंच ठेवून ठाण्याला अध्यक्षांना फोन लावला आणि माझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. सिमेंट आणि सोनं, दोघंही त्याच दुपारी 'नकार दिला' मध्ये गेले. त्यांच्या जाहिराती अजून चालू आहेत. टीकाकारही चालू आहे, रोज कोणाला ना कोणाला मिशी लागते आहे. मी सोडल्याने जगात काय फरक पडला, असं मी तिला विचारलं. तिने माझ्या पानात भात वाढला. ती उगाच उत्तर देणाऱ्यांतली नाही.

हात धुताना मात्र म्हणाली, "त्या शब्दाचा तुला एवढा त्रास होत असेल तर एक करता येईल. तुझं नावच काढून टाकते. नकार दिलास तेही, सोडलंस तेही. तू कधी नव्हतासच असं."

मी टॉवेल हातात घेऊन उभा राहिलो. असा भाव मला कोणी दिला नव्हता. नाव गेलं तर ओरडून फोन ठेवलेला तो दिवस जाईल. पण मग माझ्याबद्दल जगात एकच गोष्ट राहील, तो हसरा फोटो आणि त्यावरची मिशी. उद्या माझी मुलगी शोधायला गेली तर तिला तेवढंच सापडेल.

"राहू दे," मी म्हणालो.

"हरकतीनंतर?"

"हो, हरकतीनंतर," मी चिडूनच म्हणालो. "पण अक्षर जरा मोठं करा."