शुक्रवारी ठरलेलं

माझी मुलगी न्हावा शेवाला मालवाहतुकीच्या एका कंपनीत कामाला आहे. मध्यंतरी तिच्या ऑफिसात कुणी पाहुणा येऊन सांगून गेला, की आठवड्यातला एक तास बाजूला काढा, झालेल्या आठवड्याकडे नीट बघा आणि पुढचा ठरवा. तिने फोनवर मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, "त्याला म्हणावं आमच्याकडे ये, फुकट शिकवते." मग आम्ही दोघींनीही विषय बदलला. त्या तासाचं आमच्या घरात शेवटी काय झालं, ते तिलाही ठाऊक आहे.

माझा नवरा आखातात होता. लग्नाला वर्ष होतंय तोवर गेला आणि केस पिकल्यावर परत आला. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणायचे. लिहिताना तो लिहिते, आता कोण रागावणार आहे? तिकडे सुट्टी शुक्रवारची. जुम्म्याची नमाज झाली की त्याचा फोन यायचा, "बोल, काय काय हाय?" आमचा संसार म्हणजे हा फोन. आधी तो शेजारच्या घरी यायचा, नंतर आमच्या पडवीत आला, मग मोबाइल झाला. सुरुवातीच्या त्या दिवसांत परदेशचा फोन रडण्यात घालवण्यासारखा नव्हता. म्हणून मी आठवडाभर विषय मनात लावून ठेवायचे, आणि शुक्रवारी सकाळी मांदेली साफ करता करता त्यांचा क्रम पक्का करायचे.

आधी साधं, मग जड, हा क्रम कधी बदलला नाही. जड आधी काढलं की माणूस तिथेच अडकतो आणि वाडीतल्या नारळांचं, गॅसच्या टाकीचं, मुलीच्या शाळेचं राहून जातं. आणखी एक नियम होता. शुक्रवारी ठरलं ते ठरलं. मधल्या दिवसांत त्यावर चकार शब्द काढायचा नाही, मोडायचंच असेल तर पुढच्या शुक्रवारी. हा नियम माझा. कारण नवरा धरसोड वृत्तीचा. रविवारी त्याला घरावर स्लॅब हवा असायचा, मंगळवारी नको असायचा, आणि इथे गवंडी माझ्या डोक्यावर बसलेला असायचा.

गंमत म्हणजे सुट्टीवर घरी आला की आमचं बोलणंच खुंटायचं. तो पाहुण्यासारखा खुर्चीत बसायचा आणि मी पाहुण्यासारखं वाढायचे. एकदा जेवताना मी सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा विषय काढला, तर म्हणाला, "आता न्हाय. तिकडं गेलो का फोनवर बोलू." मी पदर तोंडाला लावून हसले होते. त्यात खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं.

कायमचा परत आला तेव्हा त्याचा घसा बसलेला होता. तिकडच्या धुळीचं असेल, एसीचं असेल, असं म्हणत आम्ही काढे पाजले. आवाज आणखी खरखरीत झाला तेव्हा अलिबागला दाखवलं, त्यांनी मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचायची आशा आहे पण आवाज जाईल. विचार करून सांगा म्हणाले. परतताना गाडीत आम्ही दोघं मिळून एक वाक्यही बोललो नाही. घरी आल्यावरही नाही. तो चहा पीत बसे, मी तांदूळ निवडत बसे आणि तो विषय आमच्या मधे बसून राही. मला इतका राग यायचा, की चहाचा कप त्याच्या पुढ्यात मी आपटूनच ठेवायचे.

आणि एका शुक्रवारी, जुम्म्यानंतर, माझा मोबाइल वाजला. तोच होता. मशिदीतून निघून तो बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसला होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. "बोल," तो फाटक्या आवाजात म्हणाला, "काय काय हाय?" मी भिंतीला टेकून खाली बसले. नारळ पाडणारा आला नाही हे सांगितलं. मुलीला माणगावचं स्थळ आलंय आणि ती नाही म्हणतेय हे सांगितलं. मग विचारलं, ऑपरेशनचं काय?

"आवाज जाल," तो म्हणाला.

"जाऊ द्या. माणूस तर राहील."

"मंग शुक्रवारी काय करू?"

"शुक्रवारी मी बोलेन. तुम्ही ऐका."

फोनमध्ये लाटा धक्क्यावर आपटत होत्या. मग म्हणाला, "बरं. ठरलं."

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पडलं आणि तो त्यातून श्वास घ्यायला लागला. एरवी तो पाटीवर लिहून दाखवायचा, पण शुक्रवारी पाटी घरी ठेवून धक्क्यावर जायचा आणि तिथून फोन लावायचा. लोक म्हणाले असतील, ह्याला आता वेड लागलं. मी बोलायचे आणि तो बोटातल्या चांदीच्या अंगठीने फोनवर टकटक करायचा. एकदा म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही. खरं सांगते, इतकं मन लावून त्याने माझं कधी ऐकलं नव्हतं. ते दिवस चांगले होते, आणि ते पुरले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यानंतर दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं काही नाही. केमो देता येईल, त्यासाठी मुंबईला येत राहावं लागेल, थोडा काळ मिळेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या शुक्रवारी मी साधं साधं सांगत राहिले. शेजारणीची बकरी व्यायली, तेही दोन पिल्लांसकट सांगितलं. शेवटी त्यानेच अधीर होऊन एकदा टकटक केली, म्हणजे पुढे बोल. मी विचारलं, "मुंबईला जायचं ना?"

दोनदा.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा. आणि फोन ठेवला.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. तो समोर होता. ताटातला भात चिवडत होता, अंगणातल्या खाटेवर पडून सुपारीच्या झाडांकडे बघत होता, आणि माझ्याच नियमाने माझं तोंड बांधलेलं होतं. मला त्याचे खांदे धरून हलवायचे होते. पण त्याने सगळं आयुष्य माझा हा नियम पाळला होता, न आवडणारं ठरलं तेव्हासुद्धा. मी पुढच्या शुक्रवारची तयारी केली. मुलीचं लग्न बाकी आहे हे सांगायचं, मी एकटी पडेन हे सांगायचं, आणि जन्मभर तुमची वाट पाहिली, आता कुठे घरी आलात, हे शेवटी सांगायचं. रडायचं नाही, हेही ठरवलं.

शुक्रवारी त्याला धक्क्यावर जाववलं नाही. नमाजही त्याने घरीच पडल्या पडल्या केली. मी स्वयंपाकघरात होते. माझा मोबाइल वाजला, तो आतल्या खोलीतूनच फोन लावत होता. मी उचलला, आणि मी काही म्हणायच्या आत अंगठी वाजली.

दोनदा.

इतक्या वर्षांत जड गोष्ट त्याने पहिल्यांदा आधी उरकली होती. भिंतीपलीकडून त्याचा घरघरता श्वास ऐकू येत होता, फोनमधून आणि भिंतीतूनही. आठवडाभर लावून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. तो वाट बघत होता.

"बरं. ठरलं," मी म्हटलं.

अंगठी एकदा वाजली.

मग मी त्याला सांगितलं, की नारळ पाडणारा अखेर आला, आणि यंदा नारळ चांगले भरलेत.