हातांवर बसणाऱ्या बाई

लातूरच्या आमच्या बालवाडीतल्या बाई स्वतःच्या हातांवर बसतात. एखादं लेकरू सदऱ्याच्या गुंडीशी झटत असलं, की त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवतात. "ट्रेनिंगात सांगितलंय, लेकराचं लेकराला करू द्यावं. पण हे हात लई वळवळतेत गं," म्हणतात. कुणी पाणी सांडलं, तर म्हणतात, "फडकं कुठं हाय, त्याला ठाऊक हाय." माझ्या शाळेत बाईंचा हात छडीसाठीच उठायचा, तिसरीतच माझी शाळा सुटली.

मी धुळ्याकडून आलेली, इथं मदतनीस. परवा तपासणीच्या मॅडम आल्या नि मलाच म्हणाल्या, "मावशी, आज आलेल्या मुलांची नावं फळ्यावर लिहा." तिसरीनंतर मी खडू हातात धरला नव्हता. काम गेलं तर एवढ्या लांब कुणाच्या दारात उभं राहायचं? मी बाईंकडे पाहिलं. त्या सतरंजीवर बसून हसत होत्या, हात मांडीखाली.

मग मी एकेक अक्षर आठवत लिहीत गेले. "मावशी, माझं राहिलं की," एक पोरगी म्हणाली. तिचंही लिहिलं. शेवटचं नाव झालं, तेव्हा बाईंनी हात काढले. तळव्यांवर सतरंजीची वीण उमटली होती.