पेथिडिनच्या कपाटाची किल्ली

नर्स चार दिवस जरी कॅज्युअल्टीत राहिली तरी तिला किस्से सांगायला जन्म पुरत नाही. मी तर सात वर्षं होते, बुलढाण्याला. महाराष्ट्र नुकता झाला होता, आणि आमची कॅज्युअल्टी म्हणजे एक टेबल, एक बाक आणि एक कुलपाचं कपाट. कपाटात पेथिडिन, किल्ली माझ्या कमरेला. पेथिडिन म्हणजे कसल्याही कळा थांबवणारं इंजेक्शन, पण अफूच्याच जातीचं. एकदा गोडी लागली की माणूस पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे माझ्याशी गोड बोलणारे पुष्कळ होते. मी कुणाशी गोड बोलत नव्हते, हा भाग वेगळा.

*

एकजण पोट धरून आला. टेबलावर पडायच्या आधीच म्हणाला, "सिस्टर, पेथिडिन द्या. शंभर मिलिग्रॅमची."

आमच्या आयाबाई, गयामावशी, फरशी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्याचं खरं दुखते त्याले माय आठवते. याले औषधाचं नाव आठवून राह्यलं."

डॉक्टरांनी पोट तपासलं. पोट चांगलं होतं. मी किल्ली काढली नाही.

*

दुसरा संग्रामपूरचा. सकाळी उजवीकडे दुखत होतं, दुपारी डावीकडे. डॉक्टरांनी विचारलं, "अहो, नक्की कोणत्या बाजूला?"

तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "सकाळी काय सांगतलं होतं साहेब मी?"

डॉक्टर हसले नाहीत. त्याला बाकावर बसवून, स्वतः शेजारी बसून, किती दिवसांपासून घेतो ते विचारलं. तो रडायला लागला. तेव्हापासून मी अशांना हाकलणं कमी केलं. बंद नाही केलं.

*

कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई तान्हं लेकरू घेऊन धावत आली. शेतात जाताना लेकरानं निजून राहावं म्हणून तिनं अफूचा कण चाटवला होता. सासूनंही चाटवला होता. दोघींनी एकमेकींना सांगितलंच नव्हतं. लेकराचा श्वास अडखळत होता. डॉक्टर तोंडानं श्वास देत होते, मी तळपायांवर टिचक्या मारत होते. दिवेलागणीला ते एकदाचं रडलं. मीही रडले, त्यात लाज कसली!

आई म्हणाली, "मंग उद्या वेचणीले कशी जाऊ?"

गयामावशी म्हणाल्या, "माह्याजवळ आणून देजो त्याले." वेचणी सरेपर्यंत ते लेकरू आमच्या बाकाखाली झोळीत होतं.

*

आता देऊळघाटचे गुरुजी. त्यांना सवय आम्हीच लावली, हे आधी सांगते. मूतखडा होता; खडा पडेपर्यंत महिनाभर दर दोन दिवसांनी पेथिडिनची सुई. खडा पडला, पण गुरुजी येतच राहिले. शाळा बुडू लागली, नोकरी जायची वेळ आली.

डॉक्टर म्हणाले, "सवय आपण लावली, तर सोडवायचीही आपण. ओरडायचं नाही, सिस्टर."

रोज शाळा सुटल्यावर त्यांनी यायचं ठरलं. मी सुईत रोज थोडं औषध कमी आणि थोडं डिस्टिल्ड वॉटर जास्त भरायची. शेवटचे दहा दिवस तर नुसतं पाणी! गुरुजी बाही वर करायचे, डोळे मिटायचे, "बरं वाटलं सिस्टर" म्हणायचे आणि सायकलवर बसून जायचे. मग एक दिवस आलेच नाहीत. शाळा सुटल्यावरही मुलांना शिकवत बसले होते. डॉक्टरांनी आम्हाला भजी खाऊ घातली. गुरुजींना कसं गंडवलं म्हणून मी आणि मावशी वर्षभर हसत होतो.

*

वर्षानं बैलगाडी उलटली आणि गुरुजींनाच उचलून आणलं. मांडीचं हाड मोडलेलं, अंग घामानं निथळत होतं. तोंडात एकच, "माय वं... माय..."

गयामावशींनी माझ्याकडे पाहिलं.

माझा हात किल्लीवर गेला आणि तिथंच थांबला. सुई द्यावी, तर सुटलेली सवय पुन्हा लागेल, या वेळी नोकरी नक्की जाईल. न द्यावी, तर माणूस डोळ्यांदेखत तडफडतोय.

गुरुजींनी माझं मनगट धरलं.

"सिस्टर, आज पाणी नका देऊ. आज खरी द्या. पाणी परवापासून सुरू करा."