डावीकडचा वारा

परवा आमच्या महिला मंडळाने माझा सत्कार केला. फलकावर लिहिलं होतं, ‘एकेकाळच्या व्यावसायिक बॅडमिंटनपटू चारुलताताई’. शाल घेतली, नारळ घेतला, घरी आले. बॅडमिंटनसाठी बँक मला पगार देत होती, एवढं खरं आहे. बाकीचं इथे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी शाल दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

मी कुंडलची. वडील, आण्णा, फौजेत हवालदार. पेन्शनीत आले ते ट्रंकेत दोन रॅकेटी, एक जाळी आणि पिसांच्या फुलांचे डबे घेऊन. छावणीत साहेबलोकांबरोबर खेळायची सवय लागलेली. गावात जोडीदार मिळेना, म्हणून मुलीला धरलं. सपाट जागा कुठली, तर आमचं खळं. शाळवाची मळणी उरकली की शेणाने सारवलेली ती जमीन सिमेंटसारखी कडक आणि रिकामी. आण्णांनी चुन्याने रेघा मारल्या, दोन बाभळींना जाळी ताणली आणि झालं कोर्ट.

आता खळं कुठे करतात, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोराला विचारा. वाऱ्यावर करतात! धान्य उफणायला वारा लागतो. म्हणजे गावात जिथे सगळ्यांत जास्त वारा, नेमकं तिथेच आम्ही बापलेक पिसांचं फूल मारत होतो. हवालदाराने लढाई पाहिली होती, पण हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मी तर शाळेत पहिली यायचे. माझ्याही नाही.

त्यात खळ्याच्या उत्तरेला विहीर. “पोरगी हिरीकडं नको,” म्हणून ती बाजू कायम आण्णांची. मी दक्षिणेला, तोंड विहिरीकडे, वारा डावीकडून. फूल उजवीकडे वाहून जायचं, म्हणून मी चांगलं हातभर डावीकडे मारायला शिकले. खेळात बाजू बदलतात असं आण्णा सांगायचे. बदलल्या मात्र कधीच नाहीत. लांब गेलेलं फूल विहिरीत पडे आणि आमची आत्या बनुबाई ते बादलीने काढी.

“आरं लाला, ही कोंबडी कितींदा बुडवशील रं?” ती आण्णांना विचारायची.

पुढे सांगलीला कॉलेजात गेले. मुलींत मी दरवर्षी विजेती, कारण खेळायला मुलगी मी एकटीच. एकदाही जाळीपलीकडे कुणी उभं न राहता मी ढाल घरी नेली आहे.

चौऱ्याहत्तर साली बी. ए. झाले. गंगाधरसाहेब म्हणून एका बँकेचे मॅनेजर होते, त्यांना खेळाचं वेड. बँकाबँकांच्या स्पर्धांसाठी त्यांना बाई हवी होती. सांगलीतली खुली स्पर्धा जिंकेल तिला नोकरी. मला ती हवीच होती. बॅडमिंटनवर प्रेमबिम काही नव्हतं; नोकरी नाही तर परत कुंडल, आणि तिथून रहिमतपूरच्या एका भुसारवाल्याच्या घरी रवानगी, हे ठरलेलं होतं. भुसारवाला वाईट नव्हता. पण मला सांगलीत माझी खोली आणि माझी किल्ली हवी होती.

स्पर्धेला बायका आल्या दोन, म्हणून पहिला सामना तोच अंतिम. दुसरी साताऱ्याच्या वकिलाची मुलगी क्षमा. पांढरेशुभ्र मोजे, क्लबात शिकलेली. माझा स्कर्ट आण्णांच्या जुन्या पॅन्टमधून शिवलेला. आण्णांबरोबर सामना बघायला आलेली आत्या म्हणाली, “बया बया, गुडघं दिसत्यात की गं!”

सामना सुरू झाला. बंद हॉल, वाऱ्याची झुळूक नाही. मी मारलेलं प्रत्येक फूल डावीकडे बाहेर. पंच अनंतराव नुसते “बाहेर, बाहेर” म्हणत राहिले. पहिला डाव मी एक गुण घेऊन हरले. मला वाटलं, हॉलच वाकडा बांधलाय!

मग लख्खकन कळलं. “आत्या,” मी ओरडले, “खिडक्या उघड!”

आत्याने पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या. अनंतराव खुर्चीवरून म्हणाले, “अहो बाई, खिडक्या बंद ठेवायच्या असतात.”

“आवं, पोरीचा जीव गुदमारतुया. तुमाला काय, बसून आकडं मोजायचं!”

गंगाधरसाहेब घामाने निथळत होते. “असू द्या हो, मलाही उकडतंय,” म्हणाले.

बाजू बदलली होती. वारा आता माझ्या डाव्या गालावर. जणू खळ्यावर उभी राहिले! क्षमाची फुलं भरकटायला लागली, माझी बरोबर रेघेच्या आत. दुसरा डाव माझा. आण्णा मागून “शाब्बास जवान!” म्हणून ओरडले. मनात मी खोलीला पडदे लावून टाकले.

तिसऱ्या डावाला पुन्हा बाजू बदलायची असते, हे मी विसरले होते. वारा उजवीकडून. मी डावीकडे मारायची, वारा आणखी डावीकडे ढकलायचा. फुलं थेट प्रेक्षकांत.

“आत्या, खिडक्या लाव!”

“मगाशी उघड म्हनलीस, आता लाव. हॉल हाय का खुराडं?”

“आता खिडकीला कुणी हात लावायचा नाही!” अनंतराव कडाडले.

सहा गुणांवर बाजू बदलतात, तोवर माझं खातं उघडलं नव्हतं. मग माझी बाजू आली, मी आठपर्यंत गेले. पण एव्हाना क्षमाला वारा कळला होता. मी वर्षानुवर्षं जे शिकले ते तिने अर्ध्या तासात आत्मसात केलं, शिवाय दोन्ही बाजूंनी. हरले.

साहेब तिचं अभिनंदन करत होते. मी रॅकेट पिशवीत कोंबत होते. डोळ्यांपुढे भुसाराचं दुकान, पोती. तेवढ्यात क्षमा म्हणाली, “पण साहेब, दुहेरीला जोडीदार कोण?”

साहेबांनी विचारच केला नव्हता. दोन जिल्ह्यांत मिळून खेळणाऱ्या बायकाच दोन.

“हिला घ्या,” ती म्हणाली. “मी हिला जाळीपाशी उभी करीन. तिथून फूल डावीकडे गेलं तरी किती जाणार?”

अपमान होता. मी तत्काळ स्वीकारला.

अशी माझी व्यावसायिक कारकीर्द. एकोणऐंशीपर्यंत क्षमा मागे कोर्टभर धावली आणि मी पुढे उभी राहिले. खेळताना आमच्यात एकच संभाषण व्हायचं: “चारू, वाक!” मी वाके, डोक्यावरून तिचा फटका जाई, लोक टाळ्या वाजवत. किल्ली मात्र माझ्या कमरेला होती.

पुण्याच्या स्पर्धेला आण्णा आत्याला घेऊन आले. बराच वेळ बघून आत्याने विचारलं, “लाला, पोरगी खेळणार कवा?”

“तिला उभं राहायचा पगार हाय,” आण्णा म्हणाले.

“आन् वाकायचा?”

“त्यो बी त्यातच.”

“मग माझं बी नाव घाला की त्या ब्यांकेत,” आत्या म्हणाली. “मी तर जल्मभर वाकतीया.”